मिठातील आयोडीनचा पाठ

पनवेल-उरणकडील मुलांस मीठ नवे नाही. नवी मुंबई वसली, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, पुष्कळ मिठागरे भरावाखाली गेली; तरी मीठ पिकविणारे आजोबा अजून घरोघरी आहेत. म्हणून हा पाठ येथे जपून घ्यावा.

एका शाळेत सहावीचा पाठ पाहत होतो. शिक्षकांनी भाताच्या पेजेत पुडीतले मीठ टाकले. रंग पालटला नाही. "या मिठात आयोडीन नाही," असे त्यांनी सांगून टाकले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग आमच्या आजाचं खडं मीठच बरं की!" मुलीचा तर्क बरोबर होता, चुकला होता तो प्रयोग.

पेज निळी होते ती मुक्त आयोडीनने. पुडीतल्या मिठात ते मुक्त नसते, पोटॅशियम आयोडेट या क्षाराच्या रूपाने असते. त्याचा भाऊबंद पोटॅशियम आयोडाइड. हा पांढरा, स्फटिकमय, पाण्यात फार लवकर विरघळणारा क्षार असून त्याच्या वजनाचा सुमारे ७६ टक्के भाग आयोडीनचा असतो. आयोडेटमध्ये तो ५९ टक्के. मग आयोडाइडच का घालीत नाहीत? काही देशांत घालतात. परंतु दमट हवेत त्यातील आयोडीन सुटून उडून जाते व क्षार पिवळा पडतो. आपल्याकडे श्रावणात मिठाला पाणी सुटते, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे आयोडेटच टिकते. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी दोन्ही क्षारांची मिठे लोकांस पुरवून पाहिली. दोहोंनीही गलगंड कमी झाला.

आता योग्य कृती. हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतून चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड आणावे. निवलेली पातळ पेज दोन वाट्यांत घेऊन प्रत्येकीत थोडे आयोडाइड व चमचाभर पांढरा व्हिनेगर घालावा. एकीतच मीठ टाकावे. आम्लात आयोडेट व आयोडाइड भेटले की मुक्त आयोडीन तयार होते व ती वाटी निळी होते. दुसरीही निळी झाली तर आयोडाइड जुने होऊन बिघडले असे समजावे. वाटीतले कोणी चाखू नये, हे आधीच बजावावे.

नंतर आजोबांचे मीठ घ्यावे. वाटी बहुधा पांढरीच राहील. समुद्राच्या पाण्यात आयोडीन अत्यल्प, आणि मीठ पिकताना त्यातले नाममात्रच खड्यांत येते. याचा अर्थ आजोबांचे मीठ खोटे असा नव्हे. अशाच मिठावर आयोडेटचे द्रावण फवारले की ते आयोडीनयुक्त होते. न फवारलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास मात्र २००६ पासून देशभर बंदी आहे. कारण गरोदरपणी आयोडीन कमी पडल्यास मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. त्या मुलीच्या आईपर्यंत एवढे पोचावे, यासाठी पुढील पालकसभेत हाच प्रयोग करून दाखवावा.