टिचकी मारल्यावर कोणता ब्राउझर उघडतो?

ई-पत्रात आलेल्या दुव्यावर तुम्ही टिचकी मारता आणि फायरफॉक्स उघडतो. संगणकावर क्रोमियमही आहे. मग तो का उघडला नाही? निवड कोणी केली?

लिनक्समध्ये याचे उत्तर चक्क वाचता येते. आपले होम फोल्डर उघडा आणि कंट्रोल व एच या कळा एकत्र दाबा. ज्यांच्या नावाच्या आरंभी टिंब असते अशी, एरवी लपलेली फोल्डरे दिसू लागतील. त्यांपैकी ‘.कॉन्फिग’मध्ये ‘माइमॲप्स.लिस्ट’ ही फाइल शोधा. (ही नावे अर्थात इंग्रजी अक्षरांत असतात.) आजवर तुम्ही काही निवडलेच नसेल, तर ती तेथे नसेलही. फाइलमध्ये नुसता मजकूर असतो: डावीकडे कामाचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे ते काम करणारा प्रोग्रॅम.

आता सेटिंग्जमध्ये जा. ‘डीफॉल्ट ॲप्लिकेशन्स’ किंवा तशाच नावाच्या पानावर दुसरा ब्राउझर निवडा आणि तीच फाइल पुन्हा उघडा. ओळी बदललेल्या असतील! सेटिंग्जच्या त्या देखण्या पानाने एवढेच तर केले.

या ओळींपैकी तीन महत्त्वाच्या: एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि एचटीएमएल. काही धीट मुले फाइल हातानेच बदलतात. (आधी तिची प्रत ठेवावी हे बरे.) पण केवळ पहिली ओळ बदलली, तर फसगत होते. आज बहुतेक दुवे एचटीटीपीएसचे असतात, म्हणून ते जुन्याच ब्राउझरकडे जातात. एचटीएमएलची ओळ डिस्कवर साठवलेल्या पानांसाठी असते.

अशीच एक यादी साऱ्या संगणकासाठीही असते. परंतु तुमच्या फोल्डरातील यादीला आधी मान मिळतो. त्यामुळे शाळेच्या एकाच संगणकावर, आपापल्या खात्यातून काम करणाऱ्या दोन मैत्रिणींचे ब्राउझर वेगळे असू शकतात. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही आणि एकीच्या निवडीने दुसरीचे काही बिघडत नाही.

ग्नोम आणि केडीई हे लिनक्सवरील दोन निरनिराळे डेस्कटॉप. तरीही दोघे हीच यादी वाचतात, कारण असे समान नियम ठरवण्यासाठी हॅवॉक पेनिंग्टन यांनी 2000 साली फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला. त्याच नियमांनुसार एका ओळीत अर्धविराम देऊन दोन ब्राउझरही लिहिता येतात: पहिला संगणकावरून काढून टाकला असेल, तर दुसरा उघडतो.