कोयना जलाशय आणि त्याच्या काठची गावे

१. सरोवर आणि जलाशय

भूगोलाच्या नकाशात नैसर्गिक सरोवर आणि धरणाचा जलाशय ही दोन्ही एकाच निळ्या रंगाने दाखविलेली असतात. त्यामुळे दोहोंत काही भेद नसावा, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः हा भेद मोठा आहे. सरोवराचा काठ निसर्ग हजारो वर्षांत घडवितो आणि माणसे तो काठ पाहून त्यावर वस्ती करतात. जलाशयाच्या बाबतीत वस्ती आधी असते आणि काठ मागून येतो. तो कोठे यावा, हे अभियंत्याने नकाशावर निश्चित केलेली एक रेषा ठरविते.

समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली स्थळे जोडणाऱ्या रेषेस समोच्च रेषा म्हणतात. जलाशय पूर्ण भरला असता त्याचा काठ म्हणजे एक समोच्च रेषाच होय. कोयना जलाशयाची ही रेषा समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर उंचीवर आहे. तिच्या खाली ज्यांची घरे होती, त्यांना आपला मुलूख सोडावा लागला. तिच्या वर ज्यांची घरे होती, ते जागीच राहिले. तथापि त्यांचाही जुना मुलूख उरला नाही. हे कसे घडले, ते या पाठात आपण पाहू.

२. खोऱ्याची रचना

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कोयना ही एक आहे. दख्खनच्या बहुतेक नद्या सह्याद्रीवरून उतरून पूर्वेकडे वळतात. कोयना मात्र उगमापासून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. हेळवाकपर्यंतच्या या प्रवाहाच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग व पूर्वेस बामणोलीची रांग आहे. दोन उंच भिंतींमधील अरुंद पन्हाळीसारखे हे खोरे दिसते. सोळशी व कांदाटी या तिच्या उपनद्यांनीही अशीच खोल खोरी कोरली आहेत.

येथील खडक काळा बेसाल्ट असून उंच माथ्यांवर जांभ्याचे थर आहेत. अशा सपाट, खडकाळ माथ्यास ‘सडा’ म्हणतात. पाऊस अतिशय पडतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे ६०० सेंटिमीटर पावसाची नोंद होते. उलट कऱ्हाडास ७० सेंटिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. पाणी पुष्कळ, खोरे अरुंद आणि बाहेर पडण्याची वाट चिंचोळी, अशी ही स्थिती आहे. अभियंत्याच्या दृष्टीने धरणास याहून उत्तम जागा क्वचितच मिळेल.

३. धरणापूर्वीची वस्ती

याच खोऱ्याच्या उत्तर भागात जावळी हे इतिहासप्रसिद्ध ठिकाण आहे. मोऱ्यांची ही जावळी शिवाजीमहाराजांनी १६५६ साली घेतली. त्यानंतर प्रतापगड बांधला गेला आणि त्याच्या पायथ्याशी १६५९ साली अफझलखानाचा पराभव झाला. जावळीचे महत्त्व तिच्या दुर्गमतेत होते. घनदाट अरण्य आणि कोकणात उतरणारे घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती या भागाची किल्ली असे. ‘दरे तर्फ तांब’ यांसारख्या गावांच्या नावांत जुन्या महसुली विभागाची ‘तर्फ’ ही खूण अद्याप टिकून आहे.

खोऱ्यातील वस्ती तीन पायऱ्यांवर विभागलेली होती. सर्वांत खाली नदीकाठी गाळाची खाचरे असत. त्यांत भात पिके आणि ओलीवर दुसरे एखादे पीकही घेता येई. मधल्या उतारावर वरकस जमीन असे. तेथे झाडांच्या फांद्या व पालापाचोळा पसरून राब भाजीत आणि नाचणी, वरी ही पिके काढीत. काही वर्षांनी ती जमीन पडीक ठेवून दुसरीकडे वळत. सर्वांत वर, सड्यांच्या आसऱ्याने, गवळी धनगर म्हशी पाळून राहत आणि खालच्या गावांशी तूप व धान्य यांचा व्यवहार ठेवीत.

या तिन्ही पायऱ्या एकमेकींवर अवलंबून होत्या. एकाच कुटुंबाचे भाताचे खाचर खाली, नाचणीचा माळ मध्ये आणि गुरांचे रान वर असे. नदी ही सीमा नव्हती. पावसाळ्याचे महिने वगळता ती पायी ओलांडता येई. दोन्ही काठांवरील गावांत सोयरिकी होत आणि जत्रेस दोन्हीकडची माणसे जमत. खोऱ्यातील वाटाही नदीच्या कडेकडेनेच जात.

शेती अपुरी असल्यामुळे पुरुषांनी मुंबईस जाण्याची चाल धरणापूर्वीचीच आहे. जावळी व पाटण या तालुक्यांतील माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बाजारपेठांत ओझी वाहण्याच्या कामी लागली. माथाडी कामगारांचे संघटक अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातीलच होते. या कामगारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला.

४. धरण आणि पाण्याची उलटलेली दिशा

कोयना धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६२ च्या सुमारास जलाशयात पाणी साठू लागले. धरणाची उंची सुमारे १०३ मीटर आणि लांबी सुमारे ८०८ मीटर आहे. जलाशयास ‘शिवसागर’ असे नाव मिळाले. पुढे दरवाजांची उंची वाढविल्यानंतर त्याची साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट झाली.

या योजनेचे मर्म पाण्याच्या दिशेत आहे. निसर्गतः कोयनेचे पाणी कृष्णेतून पूर्वेस बंगालच्या उपसागराकडे जाते. परंतु जलाशयाच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर सह्याद्रीचा कडा तुटून कोकण सुरू होते. डोंगरातून बोगदा काढून पाणी पश्चिमेकडे नेले, तर ते सुमारे ४७५ मीटर खाली कोसळते आणि त्या वेगाने जनित्रे फिरविता येतात. पोफळी येथे डोंगराच्या पोटात वीजगृह बांधण्यात आले. काम आटोपलेले पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून अरबी समुद्रास मिळते. पुढे आणखी टप्पे होऊन या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅटपर्यंत पोहोचली. १९९९ साली जलाशयाच्या तळाशी खडकाचा शेवटचा पडदा सुरुंगाने फोडून पाणी बोगद्यात घेण्यात आले, आणि २०१२ साली हाच प्रयोग पुन्हा यशस्वी करण्यात आला.

काही पाणी धरणातून पूर्वेकडे सोडले जाते. कृष्णेत आलेले हे पाणी ताकारी, टेंभू व म्हैसाळ या उपसा योजनांच्या द्वारे सांगली व सोलापूरकडील कोरड्या मुलखास पोहोचते. अर्थात कोयनेच्या पाण्याचा लाभ पश्चिमेस विजेच्या रूपाने आणि पूर्वेस सिंचनाच्या रूपाने मिळतो. जेथे पाणी साठते, ते खोरे या दोहोंच्या मध्ये राहिले आहे.

५. एक सोपा प्रयोग

एका मोठ्या परातीत ओल्या मातीचे दोन समांतर डोंगर करावे. त्यांच्यामध्ये एक नदी आणि डोंगरांच्या उतारांवर चार-पाच ओढे बोटाने कोरावे. तुरीच्या दाण्यांनी गावे दाखवावी: काही नदीकाठी, काही उतारावर, काही माथ्यावर. नदीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून सावकाश पाणी ओतावे.

तीन गोष्टी दिसून येतील. पहिली, नदीकाठची सपाट जमीन सर्वांत आधी बुडते. गाळ नेहमी खालीच साठत असल्यामुळे खोऱ्यातील उत्तम जमीन तीच असते. म्हणून कोणताही जलाशय प्रथम सर्वांत सुपीक भूमी घेतो. दुसरी, पाणी प्रत्येक ओढ्यात आत शिरते आणि काठास हाताच्या बोटांसारखा आकार येतो. त्यामुळे शेजारच्या दोन दाण्यांमध्ये पाण्याची फट पडते. तिसरी, समोरासमोरच्या उतारांवरील दाणे बुडत नाहीत, परंतु त्यांच्यामधील वाट नाहीशी होते.

कोयनेच्या खोऱ्यात नेमके हेच घडले. भाताची खाचरे गेली, वरकस व रान राहिले. तीन पायऱ्यांतील खालची पायरी काढून घेतल्यावर उरलेल्या दोन पायऱ्यांवर संसार उभा राहणे कठीण झाले. पूर्वी पायी ओलांडता येणारी नदी ही आता खरोखरीची सीमा बनली. तापोळा, बामणोली, शेंबडी आणि कांदाटी खोऱ्यातील वाड्या यांच्यामध्ये लाँच हे वाहन झाले. दवाखाना, शाळा, बाजार आणि तालुक्याची कचेरी यांसाठी पाणी ओलांडणे आले. जावळी तालुक्याची कचेरी मेढा येथे, म्हणजे बामणोलीच्या रांगेपलीकडे वेण्णेच्या खोऱ्यात आहे. रात्री कोणी आजारी पडले, तर पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतो, पण गाठता येत नाही. तापोळा व आहीर यांना जोडणाऱ्या पुलाचे काम हाती घेतले गेले, ते याच अडचणीमुळे.

६. जे गेले आणि जे राहिले

रेषेखालच्या गावांतील कुटुंबे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशा अनेक जिल्ह्यांत विखुरली. ओल्या डोंगराळ मुलखात भात व नाचणी पिकविणाऱ्यास सोलापूरकडील काळ्या, कोरड्या जमिनीत ज्वारीची शेती नव्याने शिकावी लागली. जमीन देणे ही पुनर्वसनाची एक बाजू आहे. त्या जमिनीचे ज्ञान सोबत देता येत नाही.

धरणग्रस्तांचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नव्हता. मुळशी पेट्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. तरीही पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला, म्हणजे कोयनेचा जलाशय भरल्यानंतर कित्येक वर्षांनी. धरणाच्या पाण्याने ज्यांची शेती भिजते, त्यांच्या जमिनीतून विस्थापितांस वाटा द्यावा, हे त्यातील मुख्य तत्त्व आहे. सिंचनाच्या धरणास ते लागू करणे सोपे, कारण लाभक्षेत्र नकाशावर आखता येते. विजेचे लाभक्षेत्र असे आखता येत नाही. कोयनेच्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले, परंतु त्या कारखान्यांतून धरणग्रस्तास वाटा कसा द्यावा, याचे कोष्टक कोणाजवळ नव्हते. जलाशयाकाठच्या कित्येक वाड्यांत तर ही वीज फार उशिरा पोहोचली. कोयना धरणग्रस्तांची आंदोलने एकविसाव्या शतकातही होत राहिली, त्याचे मूळ येथे आहे.

जे मागे राहिले, त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न आला. वस्ती विरळ झाली आणि रान वाढले. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले. २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वनसंरक्षणाच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट होय. मात्र गाभ्याच्या क्षेत्रातील काही गावांना यामुळे हलावे लागले. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली हे असेच उठून गेलेले गाव आहे.

७. भूमीचे उत्तर

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्यू पावली आणि असंख्य घरे कोसळली. त्याची तीव्रता सुमारे ६.३ ते ६.५ मोजली गेली. दख्खनचे पठार तोवर स्थिर भूमी समजले जात असे, म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष जलाशयाकडे वळले.

खडकांत पूर्वीपासून भेगा आणि ताण असतात. जलाशयाच्या पाण्याचे वजन खडकांवर येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी भेगांत झिरपून आतील दाब वाढविते आणि खडकांची परस्परांवरील पकड सैल करते. साठलेला ताण मग भूकंपाच्या रूपाने मोकळा होतो. जलाशय भूकंपाची शक्ती निर्माण करीत नाही, तिला वाट करून देतो. ग्रीसमधील क्रेमास्ता व आफ्रिकेतील करिबा या जलाशयांपाशीही असे भूकंप झाले आहेत. कोयनेचा भूकंप या प्रकारातील सर्वांत मोठा मानला जातो. या अभ्यासासाठी कऱ्हाडजवळ केंद्र शासनाची प्रयोगशाळा असून, या परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रही पाडण्यात आले आहे.

करिबाचे उदाहरण आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. झांबेझी नदीवरील ते धरण १९५९ साली पुरे झाले आणि त्यामुळे टोंगा जमातीच्या सुमारे ५७,००० लोकांस नदीकाठची सुपीक शेते सोडून उंच, रुक्ष भूमीवर जावे लागले. खंड निराळा, भाषा निराळी. परंतु प्रथम खालची पायरी बुडते, हा नियम तोच.

८. उपसंहार

उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरते तेव्हा काठाशी ओल्या मातीचा पट्टा उघडा पडतो. जुन्या घरांची जोती व देवळांचे चौथरे कोठे कोठे दिसू लागतात. या पट्ट्यात जे पीक घेतात, त्यास गाळपेर म्हणतात. पाणी पुन्हा चढण्याच्या आत ते काढून घ्यावे लागते. आजोबांच्या कायम खाचराच्या जागी नातवाच्या वाट्यास काही महिन्यांचे खाचर आले आहे.

धरणे बांधू नयेत, असा याचा अर्थ नाही. विजेवाचून आणि पाण्यावाचून राज्याचा संसार चालणार नाही. तथापि जलाशयाचा विचार करताना किती पाणी साठले व किती वीज झाली, एवढेच हिशेबात धरून भागत नाही. समोच्च रेषेच्या खाली काय होते, वर काय उरले आणि मधली वाट कोणी पुन्हा बांधून दिली, हेही त्याच हिशेबाचे रकाने आहेत.

स्वाध्याय

१. आपल्या जिल्ह्यातील एका जलाशयाचा नकाशा मिळवून त्याच्या पूर्ण पातळीची समोच्च रेषा गिरवा. तिच्या जवळची गावे नोंदवा.
२. त्या जलाशयाचे पाणी कोठे जाते आणि काठच्या गावांस त्यातील काय मिळते, याची माहिती गोळा करा.
३. विस्थापित कुटुंब आपल्या गावी राहत असल्यास, पूर्वीची पिके, शेतीची पद्धत व सण यांविषयी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवा.
४. विजेच्या प्रकल्पात धरणग्रस्तांस लाभाचा वाटा कोणत्या रीतीने देता येईल, यावर वर्गात चर्चा करा.