घरातील वस्तू आणि आपले आरोग्य

वासिष्ठी नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर दाभोळ हे प्राचीन बंदर वसले आहे. इ. स. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने या बंदरावर हल्ला करून ते जाळले. समुद्रावरून येणारा शत्रू निदान डोळ्यांना दिसतो. रोगाचे शत्रू मात्र दिसत नाहीत. ते कोठे दडलेले असतात? आपण रोज हाताळतो, त्या साध्यासुध्या वस्तूंतच!

प्रथम विळीच पाहा. दाभोळ हे मासेमारीचे गाव. घरी मासळी आली, की ती विळीवर चिरतात. मासळीबरोबर आलेले जंतू कालवण चांगले उकळले म्हणजे मरतात. पण तीच विळी नुसती पाण्यात बुडवून तिच्यावर कोशिंबिरीची काकडी चिरली, तर? काकडी काही शिजवली जात नाही. विळीवर राहिलेले जंतू तिच्याबरोबर सरळ आपल्या पोटात जातात आणि जुलाब, ओकाऱ्या सुरू होतात. म्हणून मासळी चिरल्यावर पाते व पाट साबणाने घासून धुवावा, किंवा कच्चे खाण्याचे पदार्थ आधी चिरून घ्यावेत.

दुसरी वस्तू म्हणजे मसोता. आपण त्याने ओटा पुसतो, म्हणून तो स्वच्छ करणारा, असे आपल्याला वाटते. परंतु ओल, ऊब आणि अन्नाचे कण ही तिन्ही त्यात एकत्र असतात. अशा ठिकाणी काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशोब करून पाहा : एका जंतूचे तीन तासांत पाचशे बारा जंतू होतील! कोकणात पावसाळ्यात फडकी दिवसेंदिवस वाळत नाहीत. म्हणून मसोता रोज साबणाने धुवावा, अधूनमधून उकळत्या पाण्यात टाकावा आणि उन्हात वाळवावा. ऊन नसेल तेव्हा चुलीजवळ पसरावा.

आता तांब्यापितळेची भांडी घेऊ. ती कितीही लखलखीत घासली, तरी त्यांत आंबट पदार्थ ठेवणे धोक्याचे असते. आमसुलाचे सार किंवा ताक कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवले, की आंबटपणामुळे तांब्याचा अंश त्यात उतरतो. यालाच पदार्थ कळकणे म्हणतात. कळकलेले अन्न खाल्ल्याने मळमळते, पोट दुखते, ओकारी होते. यावर आपल्या पूर्वजांनी कल्हईचा उपाय योजला. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराने त्याचा पृष्ठभाग साफ करतो आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने सर्वत्र पसरवतो. कथिलाच्या या पातळ थरामुळे अन्नाचा तांब्याशी स्पर्श होत नाही. मात्र कथील शुद्ध असावे. त्यात शिसे मिसळलेले असले, तरी भांडे तसेच चमकते. पण शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार अपायकारक असते. चकाकते ते निर्धोक असतेच, असे नाही!

शेवटी पाण्याचा रांजण. त्यातील पाणी स्वच्छ दिसते. परंतु डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. ती अंडी भांडे कोरडे पडले तरी कित्येक महिने टिकून राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर येतात. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. यावरून उपाय सहज ध्यानात येईल. आठवड्यातून एकदा रांजण रिकामा करावा, आतून खरखरीत घासावा, कोरडा करावा आणि मग भरून झाकून ठेवावा. नुसते पाणी ओतून दिले, तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

मुलांनो, या कामांना पैसा फारसा लागत नाही; लागते ती नियमितता. घरातील स्वच्छतेचा भार एकट्या आईवर का असावा? मसोता वाळत घालणे आणि रांजण घासणे ही कामे तुम्ही आजपासून आपल्याकडे घ्या.

स्वाध्याय
१. मासळी चिरलेल्या विळीवर काकडी चिरणे अधिक धोक्याचे का?
२. पदार्थ कळकणे म्हणजे काय? कल्हईमुळे ते कसे टळते?
३. रांजण रिकामा करून भागत नाही, तो घासावाही लागतो. कारण सांगा.