इंजिनाचे बेअरिंग निवडताना

काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून पुन्हा बांधून घेतले. बेअरिंगे नवी आणि चांगल्या प्रतीची होती. इंजिन सुरू झाले, पण तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा विझेना आणि खालून ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला. “नवं काम आहे सर, चालवाल तसं बसेल,” मिस्त्री म्हणाले. भौतिकी शिकवणाऱ्या मीही ते ऐकून घेतले! तीसएक किलोमीटर गेल्यावर इंजिन अडकले. उघडून पाहतो तो बेअरिंगांचा मऊ थर खरवडून गेलेला आणि क्रँकशाफ्टवर खोल ओरखडे उठलेले. कारण साधे होते. तो शाफ्ट पूर्वी एकदा घासून ०.२५ मिलिमीटरने बारीक केलेला होता आणि बेअरिंगे मात्र मूळ मापाची बसवली होती. पाव मिलिमीटरने एवढा अनर्थ कसा केला, ते आज पाहू.

बेअरिंगचे काम

सिलिंडरमध्ये इंधन पेटले की दट्ट्या खाली ढकलला जातो. दट्ट्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड हे बल क्रँकशाफ्टला देतो आणि शाफ्ट फिरतो. रॉड आणि शाफ्ट जेथे भेटतात तेथे बेअरिंग असते. क्रँकशाफ्ट वाकडातिकडा आणि बहुधा एकसंध असल्यामुळे त्यावर अखंड कडे ओवता येत नाही. म्हणून नळी उभी चिरावी तसे बेअरिंगचे दोन अर्धे भाग करतात. त्यांना शेल म्हणतात.

त्यावर किती भार येतो, याचा हिशेब करू. दट्ट्याचा व्यास ७५ मिमी आणि वायूचा दाब वातावरणाच्या ५० पट धरला, तर बल सुमारे २२,००० न्यूटन, म्हणजे सव्वादोन टन वजनाएवढे येते. ५० मिमी व्यासाचा शाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ ८ मीटर वेगाने सरकतो. एवढ्या भाराखाली धातूवर धातू घासला, तर दोन्ही काही क्षणांतच तापून चिकटतील.

तेलावर तरंगणारा शाफ्ट

ते चिकटत नाहीत, कारण त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. इ. स. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हे ब्रिटिश अभियंते बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर त्यातून तेल वर येऊ लागले. भोकात बूच मारले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. दाबमापक लावल्यावर उलगडा झाला. फिरणारा शाफ्ट आपल्याबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता आणि त्या दाबावर भार तरंगत होता. या घटनेचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले.

फट नेमकी किती?

ढोबळ नियम असा, की व्यासाच्या सुमारे एक हजारांश फट ठेवावी. ५० मिमीच्या शाफ्टला ०.०५ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.०२५ मिमी. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

फट कमी पडली तर काय होईल? बेअरिंगची रुंदी २५ मिमी आणि गरम तेलाची श्यानता ०.०१ पास्कल-सेकंद धरा. तेलाचे थर एकमेकांवर सरकताना सुमारे १२ न्यूटन विरोध होतो आणि एका बेअरिंगमध्ये जवळजवळ १०० वॅट उष्णता निर्माण होते. फट निम्मी केली, तर उष्णता दुप्पट होते. शिवाय ती वाहून नेणारे तेलही कमी होते.

आणि फट वाढली तर? तीच श्यानता आणि तोच दाब असताना अरुंद फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली, की गळती आठपट! आमच्या मोटारीत ०.०५ ची फट ०.३० मिमी, म्हणजे सहापट झाली होती. सहाचा घन २१६. इतके तेल पंप कोठून आणणार? म्हणून दाबच कोसळला. तांबडा दिवा तेच सांगत होता.

निवड कशी करावी?

पहिली पायरी मोजमापाची. तुमच्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिमी असते. तशाच मायक्रोमीटरने शाफ्ट अनेक ठिकाणी, काटकोनातील दोन दिशांनी मोजतात. दोन मापे वेगळी आली, तर शाफ्ट लंबगोल झिजला आहे. मग तो ०.२५, ०.५० अशा ठरावीक पायरीने घासून पुन्हा गोल करतात आणि त्याच पायरीचे बेअरिंग घेतात. त्याला ‘अंडरसाइज’ म्हणतात. पण येथे बारीक झालेला असतो तो शाफ्ट. बेअरिंग उलट जाडच असते! जुन्या शेलच्या पाठीवरचा आकडा पाहावा, पण मापाशिवाय त्यावर विसंबू नये.

दुसरी पायरी धातूची. शाफ्ट कठीण आणि बेअरिंगचा पृष्ठभाग मऊ हवा, म्हणजे तेलातील कण त्यात रुतून बसतात आणि महागडा शाफ्ट वाचतो. १८३९ मध्ये अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी यासाठी कथील, अँटिमनी व तांबे यांचा मिश्रधातू वापरला. आजच्या शेलमध्ये पाठीला पोलाद, त्यावर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आणि पुष्कळदा सर्वांत वर अगदी पातळ मऊ थर असतो.

तिसरी पायरी पडताळ्याची. शाफ्टवरचे तेल पुसून मेणासारख्या प्लॅस्टिकचा बारीक धागा ठेवतात, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळतात आणि शाफ्ट मुळीच न फिरवता पुन्हा उघडतात. धागा जितका रुंद चेपला, तितकी फट कमी. पट्टीवर रुंदी जुळवली, की फट कळते. ती जास्त आली, तर शेलमागे कागद घालू नये किंवा शेलच्या कडा कानशीने घासू नयेत. योग्य मापाचे बेअरिंगच आणावे.

आमच्या मिस्त्रींनी पाच मिनिटांचा हा पडताळा केला असता, तर क्रँकशाफ्ट वाचला असता.

सोडवून पाहा

एका शाफ्टचा मूळ व्यास ५०.०० मिमी आहे. झिजल्यावर एका दिशेने तो ४९.९२ आणि काटकोनात ४९.८६ मिमी भरला. घासून त्याचा व्यास किती करावा? कोणत्या पायरीचे बेअरिंग घ्यावे? त्याचा प्रत्येक शेल मूळ शेलपेक्षा किती जाड असेल? शेवटचे उत्तर ०.२५ आले असेल, तर पुन्हा विचार करा: व्यासाच्या दोन्ही टोकांना शेल असतो.