गेम बनवला एकाने, विकला दुसऱ्याने: व्हॉल्व्ह-विवेंडी केसमधून ३ धडे

व्हिडिओत ही केस जरा घाईत झाली, म्हणून इथे नीट लिहितोय. वही-पेन घ्या.

आधी माझी गोष्ट. दुकान नवीन होतं तेव्हा मी माझ्या ब्रँडचा चिवडा एका वितरकाला दिला. बोलणं एवढंच, "किराणा दुकानांत पाकिटं ठेवायची." चार महिन्यांनी कळलं, की हा पाकिटं फोडून कॅन्टीनला सुटा चिवडा विकतोय. माझं नाव गायब! जाब विचारला तर म्हणाला, "दादा, कॅन्टीनला द्यायचं नाही, असं कुठे लिहिलंय?" खरंच कुठेच लिहिलं नव्हतं. गप्प बसलो.

आता मोठी केस. अमेरिकेतली व्हॉल्व्ह ही 'हाफ-लाइफ' आणि 'काउंटर-स्ट्राइक' या गेम्सची डेव्हलपर, म्हणजे माल बनवणारी. तो दुकानांत पोचवणारी पब्लिशर होती सिएरा, आणि सिएराची मालक विवेंडी. २००१ मध्ये त्यांचा नवा करार झाला. पण हेच गेम सायबर कॅफेंनाही दिले जात होते. तिथे गिऱ्हाईक डबा विकत घेत नाही, तासावर पैसे देऊन खेळतं. व्हॉल्व्हचं म्हणणं, "कॅफेंचा हक्क आम्ही दिलेलाच नाही." २००२ मध्ये प्रकरण सिएटलच्या कोर्टात गेलं.

विवेंडीनेही उलट दावा ठोकला. व्हॉल्व्ह 'स्टीम'वरून गेम थेट ग्राहकाला विकणार होती, आणि हे करार करताना आमच्यापासून लपवलं, असा आरोप. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनाही वैयक्तिक प्रतिवादी केलं. खर्च इतका वाढला, की कंपनी आणि आपण दोघंही दिवाळखोरीच्या जवळ गेलो होतो, असं न्यूएल यांनी नंतर सांगितलं. गंमत बघा, भांडण चालू असतानाच २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २'चे डबे विवेंडीच दुकानांत पोचवत होती!

विवेंडीने कागदांचा ढीग पाठवला, त्यात बरेच कोरियन भाषेत. व्हॉल्व्हकडे कोरियन येणारा एक इंटर्न होता. त्याने ते वाचले, आणि पुरावे नष्ट केल्याचा उल्लेख सापडला.

नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, सायबर कॅफेंना गेम देण्याचा हक्क सिएराकडे नव्हता. एप्रिल २००५ मध्ये तडजोड झाली, आणि विवेंडीने त्याच वर्षी व्हॉल्व्हचे गेम दुकानांत विकणं बंद करायचं ठरलं.

धडा १: माल कुठे विकायचा ते नाव घेऊन लिहा. किराणा, कॅन्टीन, ऑनलाइन, सगळं वेगवेगळं. शेवटी एक ओळ: "यात न लिहिलेले सर्व हक्क मालकाकडे राहतील."

धडा २: उद्या तुम्ही स्वतः थेट विकणार असाल, तर आजच सांगा आणि लिहून ठेवा. नंतर कळलं की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं.

धडा ३: कागद वाचा, सगळे वाचा. समजत नसेल तर ज्याला समजतं त्याच्याकडून वाचून घ्या.

माझा करार आता एका पानाचा आहे, वकिलाकडून तपासून घेतलेला. त्याची फी त्या चार महिन्यांच्या नुकसानीपेक्षा कमीच पडली.

आजचा गृहपाठ: तुमचा माल विकणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे लिहा, "करार लेखी आहे का?" जिथे "नाही" येईल, तिथून उद्या सकाळी सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात!