दीड महिन्याच्या लशीला येताना

बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आलेल्या आईला मी हमखास विचारते, "पाळणा लांबवायचं काय ठरवलंय?" उत्तर बहुतेक वेळा सोबतच्या सासूबाईच देतात. "अंगावर पाजतेय, पाळी आलेली नाही. आत्ताच कशाला?"

सासूबाईंचं अर्धं खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर आणि पाळी सुरू झालेली नाही, असं तिन्ही जुळलं तरच यावर विसंबावं. बाळाला वरचं सुरू केलं की हा भरवसा संपला. शिवाय स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणजे पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात.

तीनेक वर्षांचं अंतर हवं असेल, तर माझा कल तांबीकडे. ३८० ए ही तांबी १० वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते, दुधावर परिणाम होत नाही. बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवतात; तेव्हा राहिलं तर सहा आठवड्यांनी. ती छातीपर्यंत चढते, ही निव्वळ ऐकीव गोष्ट. मात्र सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जातं. मुळातच रक्त कमी आणि पाळीत खूप जाणारं असेल, तर मी दुसरं सुचवते.

उदाहरणार्थ, लखनौच्या संशोधन संस्थेत शोधलेली छाया ही बिनहार्मोनची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. वार चुकवणाऱ्यांचं हे काम नव्हे! अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं, पण पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. पाजणाऱ्या आईला माला-एन ही हार्मोनची गोळी सहा महिन्यांपर्यंत नको. रक्तदाब असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर नंतरही नको. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी फक्त अडचणीपुरती.

आणि मुलं पुरेशी झाली असतील तर? मग नसबंदी, पण ती बहुधा बाईचीच होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३. वास्तविक बिनटाक्याची पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, आणि तिने पुरुषत्व जात नाही. म्हणून पुढच्या खेपेला बाळाच्या बाबांनाही आणा. फक्त पुरुषाच्या ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो, आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असं कळल्यावरच तो सोडायचा.