सोमवारी अजिंठा बंद असतो

फर्दापूरच्या टी-पॉइंटला आमची बस थांबली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. बसमध्ये कोल्हापूरकडचे बावीस ज्येष्ठ नागरिक आणि पुढच्या सीटवर माइक धरून मी. आपली गाडी इथंच ठेवायची, पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसनं जायचं, असं मी रुबाबात सांगून टाकलं. पण एसटी काही दिसेना. पार्किंगमधला पोरगा म्हणाला, “ताई, आज सोमवार ना.”

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी आम्ही वेरूळ केलं होतं. दोन दिवसांची नुसती अदलाबदल केली असती तरी भागलं असतं. कार्यक्रम मीच आखलेला, पर्यटनाच्या पदवीच्या शेवटच्या सत्रात, इंटर्नशिपवर असताना. महिन्याभरापूर्वीच मी बटलरच्या 1980 च्या सिद्धान्तावर, म्हणजे पर्यटनस्थळ कसं उदयाला येतं, भरभराटतं आणि उताराला लागतं यावर, आकृतीसकट चार पानं लिहून आले होते. एक आजी शांतपणे म्हणाल्या, “चिडत नाही गं बाळ. पण आमचं वय आता परत यायचं आहे का?” कंपनीनं विद्यावेतन कापलं, त्याचं काही वाटलं नाही. आजींचं वाक्य मात्र अजून टोचतं.

यात बटलरचा दोष नाही. तीन वर्षं मी वर्गात बसले आणि धंदा शिकले असं धरून चालले. अजिंठा मी त्याआधी पाहिलाही नव्हता! आमची अभ्याससहल मनालीला गेली होती. अभ्यास कशाचा झाला ते विचारू नका.

म्हणून या पदवीला प्रवेश घ्यायला निघालेल्यांना पहिला प्रश्न मी हाच विचारते: फिरायला आवडतं, की दुसऱ्यांना फिरवायला? पहिलं उत्तर असेल तर दुसरी एखादी पदवी घ्या आणि पगारातून फिरा. सीझनमध्ये, दिवाळीत, मे महिन्यात जग फिरतं आणि आपण फोनवर असतो.

दुसरं, जाहिरातीत संस्थेचं नाव ठसठशीत असतं. गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार ते बघा. ते यूजीसीच्या यादीत आहे का, तेही बघा. माझ्या हॉस्टेलमधल्या एकीनं पदवी समजून जे केलं तो निघाला खासगी डिप्लोमा. राज्यसेवेचा अर्ज भरताना तिला ते कळलं.

तिकिटांचं सॉफ्टवेअर, अमेडियस किंवा गॅलिलिओ, प्रत्यक्ष हाताळायला मिळतं की फळ्यावर शिकवतात, हे कॉलेजला आधी विचारा. साधं उदाहरण देते. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत: दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपा 2023 च्या जानेवारीत सुरू झाला. सावंतवाडीच्या माणसाला दाबोळीचं तिकीट काढून दिलंत तर त्याला अख्खा उत्तर गोवा ओलांडून घरी जावं लागेल, आणि वाटेत तो तुमचा उद्धार करत जाईल.

पदवी मिळाली म्हणजे गाइड झालो, हा माझा आणखी एक गैरसमज. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात पैसे घेऊन लोकांना फिरवायचं तर परवाना लागतो. 1959 च्या नियमांतच तसं आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात, सोळा नंबरला, माझ्याकडं कार्ड मागितलं गेलं तेव्हा मी पदवीबद्दल सांगू लागले. समोरचा माणूस हसला नाही, एवढीच त्याची मेहेरबानी.

आणि भाषा. पुण्यात असून मी परदेशी भाषा शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटची पायरी चढले नाही याची हळहळ सगळ्यात जास्त आहे. अजिंठ्याला जपान, थायलंड, श्रीलंकेतून बौद्ध यात्रेकरू येतात. आपल्याकडं इंग्रजी बोलणारे गाइड भरपूर, जपानी बोलणारे मोजके, त्यामुळं त्यांचा भावही वेगळा. पदवीच्या तीन वर्षांत सोबतीनं जपानीच्या दोन-तीन पातळ्या सहज झाल्या असत्या. आता तिशीनंतर, नोकरी सांभाळून, मी चौथ्या, म्हणजे खालून दुसऱ्याच, पातळीशी झटते आहे आणि कांजी अक्षरं रोज नव्यानं विसरते.

2020 च्या मार्चमध्ये सगळं ठप्प झालं तेव्हा आमच्या ऑफिसात सर्वांत आधी घरी बसवले गेले ते माझ्यासारखे, ज्यांना थोडं थोडं सगळं येत होतं. हिशेब बघणारी मुलगी टिकली, कारण रद्द झालेल्या प्रत्येक सहलीचा परतावा तिलाच काढायचा होता. अभ्यासक्रमात हिशेबाचा पेपर आम्हालाही होता. मी तो ‘पास होण्यापुरता’ केला होता.

कॉलेजवाले पगाराचे आकडे सांगतील. तुम्ही मागच्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या चार जणांना गाठा. डिसेंबरचा नाही, जूनचा पगार विचारा, शाळा उघडून बुकिंगं थंडावतात तेव्हाचा. माझ्या पहिल्या जूनमध्ये तो निम्मा आला होता, तोही वीस तारखेला.